जंगल, चावडी आणि विधिमंडळातील प्रश्न

आमच्या शेतकरीवर्गात असा एक समज दृढमूल झालेला आहे की, विधिमंडळात सभासद जे प्रश्न विचारतात व मंत्री त्यांस जी उत्तरे देतात, तो केवळ वर्तमानपत्रांचे रकाने भरण्याचा उद्योग असून, त्याने कोणाच्या बांधावरची काडीही इकडची तिकडे होत नाही. हा समज अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि महसूल खात्याच्या कचेरीत उभी हयात कारकुनी करून आम्ही जे पाहिले त्यावरून, हा समज शेतकऱ्यांस फार महाग पडतो असे आमचे मत बनले आहे. प्रश्न मुंबईस अथवा नागपुरास विचारला जातो हे खरे. परंतु त्याचे उत्तर तेथे तयार होत नाही. ते गावच्या तलाठ्याच्या दप्तरातून, वनरक्षकाच्या नोंदवहीतून व आमच्यासारख्या कारकुनाच्या टिपणातून पायरीपायरीने वर चढत जाते. ज्याच्या जमिनीविषयी ते उत्तर असते, त्या खातेदारास मात्र बहुधा त्याची वार्ताही नसते. सबब हे प्रश्नोत्तर कसे चालते, त्यापासून काय लाभ होतो व कोठे घात होतो, हे जंगललगतच्या खातेदारांकरिता सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणाकरिता आम्ही दहिसरचे शिवार घेतो. पूर्वेस डोंगर व जंगल, पश्चिमेस खाडी व तिवरे, मधून वाहणारी नदी, आणि ह्या तिहींच्या मध्ये भाताची खाचरे, खारजमिनी व मिठागरे, अशी ह्या गावाची जुनी मांडणी. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढविण्यात आली, व त्यानंतरच्या काळात बहुतेक खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. तरीही जंगल, नदी, खाडी, शेत व शहर ही पाचही प्रकरणे एकाच शिवारात पाहावयाची असतील, तर दहिसरसारखे दुसरे ठिकाण थोडेच सापडेल. येथे जे घडले ते ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील जंगलकाठच्या प्रत्येक गावात आज ना उद्या घडणारे आहे.

जंगलाचा व साष्टीच्या शेतकऱ्याचा संबंध आजचा नाही. ह्या भागात भाताच्या रोपाकरिता राब भाजण्याची चाल होती. ऐन, किंजळ अशा झाडांचा टाहाळ तोडावयाचा, तो शेण, गवत व पाचोळा ह्यांसह तरव्याच्या जागेवर पसरून जाळावयाचा, व त्या भाजलेल्या भुईत बी टाकावयाचे. म्हणून भाताच्या जमिनीबरोबर वरकस जमीनही लागत असे. नुसते खाचर हाती असून भागत नसे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर डोंगराचे पट्टेच्या पट्टे राखीव ठरू लागले, तेव्हा टाहाळ तोडणे हा गुन्हा झाला आणि गुरे चारणे ही मेहेरबानी झाली. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर व गायराने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याची जी कुचंबणा झाली तिची तक्रार केलेली आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, सरकारास १८८५ साली मुंबई इलाख्यात एक जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली झाला, व राबाचा प्रश्न हाच त्यातील एक मुख्य विषय होता.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या काळी कायदेकौन्सिलात सरकारास प्रश्न विचारण्याचा अधिकारच कोणास नव्हता. १८६१ च्या कायद्याने जी कौन्सिले झाली त्यांस पुढे ठेवलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलता येई; कारभारावर बोट ठेवता येत नसे. १८९२ च्या कायद्याने प्रथमच प्रश्नाचा अधिकार मिळाला, तोही उपप्रश्नावाचून. उत्तर आले की तोंड मिटून बसावयाचे. ह्या अधिकाराखाली वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न १८९३ च्या फेब्रुवारीत भिंगा संस्थानच्या राजांनी विचारला. तो दौऱ्यावर येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या रसदीपायी गावच्या दुकानदारांस जो जाच होतो त्याविषयी होता. ह्या देशातील पहिलाच प्रश्न गावगाड्याच्या रसदीचा असावा, ह्यात खेड्यांतील वाचकांस नवल वाटणार नाही. पुढे १९०९ च्या सुधारणेने मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्नाची मोकळीक मिळाली, व १९१९ च्या सुधारणेने ती इतर सभासदांसही मिळाली.

प्रश्नाची वाट अरुंद असली की लोक दुसरी वाट शोधतात. १९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीचे बिल मुंबई कौन्सिलात आले, तेव्हा सर फिरोजशहा मेहता, नामदार गोखले व त्यांचे काही सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. १९३० साली तर जंगलाचा प्रश्न कौन्सिलाच्या दिवाणखान्यातून थेट जंगलात गेला. पुसद येथे लोकनायक बापूजी अणे ह्यांनी व बिळाशी येथे गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन सत्याग्रही प्राणास मुकले. १९३७ साली १७५ सभासदांची मुंबई विधानसभा बसली व बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळात महसूल, शेती व जंगल ही खाती मोरारजी देसाई ह्यांच्याकडे आली, तेव्हा ज्या खात्याशी लोक आदल्या दशकात झगडत होते त्याच खात्याच्या मंत्र्यास लोकांचा प्रतिनिधी समोरासमोर जाब विचारू लागला. हा फरक लहान नव्हे. जी गोष्ट मिळविण्यास इतकी वर्षे लागली, ती आज आपण ‘तमाशा’ म्हणून टाकून द्यावी, हे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

आता आजची रीत पाहू. महाराष्ट्र विधानसभेत २८८ व विधानपरिषदेत ७८ सभासद आहेत. अर्थसंकल्पीय व पावसाळी अधिवेशने मुंबईस व हिवाळी अधिवेशन नागपुरास भरविण्याचा प्रघात आहे; १९५३ च्या नागपूर करारात नागपुरास अधिवेशन भरविण्याचे कबूल झालेले आहे. प्रश्नांचे मुख्य प्रकार तीन. ज्याचे तोंडी उत्तर हवे असते तो तारांकित; त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ज्याचे लेखी उत्तर पुरेसे असते तो अतारांकित. आणि तातडीच्या बाबीत नेहमीची मुदत न पाळता विचारावयाचा तो अल्पसूचना प्रश्न. ह्यांखेरीज नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, नियम २९३ खालील चर्चा, अनुदानाच्या मागण्यांवरील कपात सूचना, अशी आणखी आयुधे सभासदाच्या हाती असतात. तारांकित प्रश्नांपैकी दिवसाकाठी थोडेच प्रत्यक्ष सभागृहात पुकारले जातात. बाकीच्यांची छापील उत्तरे पटलावर ठेवली जातात. वर्तमानपत्रांत खडाजंगीचे प्रश्न तेवढे येतात, परंतु शेतकऱ्याच्या उपयोगाची माहिती बहुतकरून ह्या न पुकारलेल्या प्रश्नांच्या छापील यादीतच असते.

प्रश्न स्वीकारला गेला की त्याचा उलटा प्रवास सुरू होतो. मंत्रालयातील संबंधित कक्षातून तो विभागीय आयुक्तांकडे अथवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलदाराकडे, तेथून मंडळ अधिकाऱ्याकडे, आणि शेवटी ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या तलाठ्याकडे येतो. वन खात्याचा प्रश्न असल्यास उपवनसंरक्षक, वनक्षेत्रपाल, वनपाल व वनरक्षक अशी त्याची उतरण असते. कागदावर ‘विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे’ असा ठळक शेरा असतो, व माहिती एकदोन दिवसांत मागितलेली असते. एरवी ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ म्हणणारी कचेरी त्या दिवशी दिवाबत्तीपर्यंत बसते. तलाठ्यास स्थळपाहणी करण्यास वेळ नसतो. तो सातबारा उघडतो, फेरफार पाहतो, व तेथे जे लिहिलेले असेल ते कळवितो. त्यावर कारकून मसुदा करतो; तोच मसुदा भाषा घासूनपुसून वर जातो व अखेरीस मंत्र्याच्या तोंडी येतो. म्हणून आम्ही म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? दप्तरात जे चुकले आहे ते मंत्र्याच्या उत्तरात बरोबर येण्याचा संभव नाही.

ह्या उत्तरांची भाषाही ठराविक असते, व ती वाचण्यास शिकले पाहिजे. ‘होय’ म्हणजे गोष्ट दप्तरात आहे व नाकारता येत नाही. ‘हे अंशतः खरे आहे’ ह्याचा अर्थ प्रश्नातील एखादा तपशील चुकला असून, सरकार त्या चुकीचा आधार घेऊन बाकीच्या भागाविषयी थोडक्यात आटोपू पाहत आहे. ‘हे खरे नाही’ ह्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की, प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्या शब्दांत तो खरा नाही. ‘माहिती घेण्यात येत आहे’ ह्याचा अर्थ खालून कागद आलाच नाही. आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य तर सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या भागास ‘नाही’ उत्तर आले की पुढचे सारे भाग ह्या तीन शब्दांत गडप होतात.

त्याचा परिणाम किती दूरवर जातो ह्याचा एक दाखला आमच्या नोकरीतील आहे. एका गावच्या गुरचरणाच्या जमिनीवर परक्यांनी कुंपण घातले, म्हणून गावकऱ्यांनी प्रश्न विचारविला. प्रश्नात सर्व्हे नंबर शेजारचा पडला. त्या शेजारच्या नंबरावर अतिक्रमण नव्हतेच. म्हणून ‘हे खरे नाही’ असे उत्तर गेले, व ते अक्षरशः खरे होते. काही वर्षांनी गावाने बरोबर नंबर घालून अर्ज केला, तेव्हा नव्या अधिकाऱ्याने जुने उत्तर फाइलीत पाहून शेरा मारला की, ह्या विषयावर विधानसभेत उत्तर दिले गेले असून त्यात अतिक्रमण नसल्याचे स्पष्ट आहे. एका आकड्याच्या चुकीने गावाची बाजू सरकारी कागदावर खोटी ठरली, व ती पुन्हा खरी करण्यास गावास जे हेलपाटे पडले त्यांची गणती नाही. प्रश्न विचारला नाही तर एक वेळ नुकसान होत नाही. चुकीचा विचारला तर हटकून होते.

दहिसरच्या डोंगराशी निगडित असे सर्वांत मोठे प्रकरण खाजगी जंगलांचे होय, व ते प्रत्येक खातेदाराने समजून घेण्याजोगे आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ खाली खाजगी मालकीच्या रानावर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारास होता. त्यापूर्वी मालकास नोटीस द्यावयाची, त्याची हरकत ऐकावयाची, व मग निर्णय द्यावयाचा, असा पोटकलम ३ चा क्रम. १९५६-५७ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतील व ठाणे जिल्ह्यातील अनेक जमिनींसंबंधी अशा नोटिसा निघाल्या. त्यांपैकी पुष्कळ नोटिशींचे पुढे काहीच झाले नाही. जमिनी विकल्या गेल्या, बिनशेती झाल्या, महापालिकेने नकाशे मंजूर केले, लोक घरे घेऊन राहू लागले.

मध्यंतरी १९७५ साली खाजगी वने संपादन करण्याचा महाराष्ट्राचा कायदा झाला व ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील सर्व खाजगी वने सरकारजमा झाली. त्या कायद्यातील ‘खाजगी वन’ ह्या शब्दाच्या व्याख्येत, ज्या जमिनीविषयी कलम ३५(३) ची नोटीस ‘काढली’ गेली होती तीही घातलेली होती. ह्या एका शब्दावर पुढील चाळीस वर्षे वाद झाला. नोटीस राजपत्रात छापली म्हणजे ‘काढली’, की मालकावर बजावून त्याचे म्हणणे ऐकले म्हणजे ‘काढली’? २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने पहिला अर्थ धरला. त्यानंतर महसूल खात्याने मुंबई उपनगरांत सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असे शेरे मारण्यास सुरुवात केली, व २४ मार्च २००८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज व बॉइस कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना अर्थ सोडला आणि सांगितले की, नोटीस नुसती छापणे पुरेसे नाही, ती मालकावर बजावली गेली पाहिजे. आणि अर्धशतक धूळ खात पडलेल्या नोटिशीस पुन्हा जीव देता येत नाही.

ह्या प्रकरणातील कंपनीजवळ वकील होते व द्रव्यही होते. पाच गुंठेवाल्या खातेदाराजवळ काय होते? त्याच्याजवळ एक आमदार होता. नोटीस कोणत्या तारखेची, ती कोणावर बजावली, बजावणीची पोच दप्तरात आहे काय, हरकत कधी ऐकली, निर्णय कोणता झाला, असे पाच प्रश्न गावोगावच्या सर्व्हे नंबरांसह सभागृहात विचारले गेले, तर सरकारास दप्तर उघडून पाहणे भागच पडते. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी ज्यावर निकाल दिला तो मुद्दा मुळात बजावणीचा, म्हणजे चावडीवरच्या कागदाचा होता. आजही ज्यांच्या सातबाऱ्यावर असा शेरा आहे त्यांनी आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. १९७५ च्या कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे, त्या दिवशी कायदेशीर लागवडीखाली असलेली व कमाल मर्यादेच्या आतील जमीन सरकारजमा होण्यातून वगळलेली आहे. ज्यांची एकूण धारणा १२ हेक्टरांपर्यंत होती त्यांस जमीन परत देण्याची तरतूद कलम २२-अ मध्ये आहे. आणि जमीन खाजगी वन आहे की नाही ह्याचा वाद कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेता येतो. ह्या कलमांखाली आपल्या तालुक्यात किती अर्ज आले, किती निकालात निघाले व किती पडून आहेत, हा विधानसभेत विचारण्याजोगा अस्सल प्रश्न होय.

मात्र कोणता प्रश्न कोणत्या दाराशी न्यावयाचा, हेही कळले पाहिजे; नाहीतर काखेत कळसा व गावाला वळसा अशी गत होते. वन हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळे जंगलाची जमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी लागते. म्हणून रस्ता, वीजवाहिनी वा जलवाहिनी जंगलातून न्यावयाची असून मंजुरी अडली असेल, तर अर्धे उत्तर मुंबईस व अर्धे दिल्लीस असते. तेथे आमदार व खासदार दोघांनीही प्रश्न विचारले पाहिजेत. सातबारा, फेरफार, मोजणी, रानडुकराने व बिबट्याने केलेल्या नुकसानीची भरपाई, ही राज्याची कामे. गटार, दिवे, नळ, दवाखाना ही महापालिकेची अथवा ग्रामपंचायतीची कामे; त्यांचा जाब आधी नगरसेवकाने वा ग्रामसभेने विचारावयाचा. परंतु २०२२ च्या मार्चपासून तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेवर निवडलेले सभासदच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात नाल्याच्या गाळाचा प्रश्नही आमदारासच विधानसभेत न्यावा लागे. खालचे दार बंद झाले की वरच्या दारावर गर्दी होते, व तेथे लहान माणसाचा नंबर लवकर लागत नाही.

दहिसरच्या नदीचे उदाहरण घ्या. ही नदी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते व सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीस मिळते. वरचा भाग वन खात्याचा, मधला महापालिकेचा, खालचा तिवरांचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीप्रमाणे दहिसर नदीनेही काठच्या वस्तीत पाणी घातले. त्यानंतर माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची जमीन, मग ती कोणाच्याही मालकीची असो, जंगल म्हणून जपण्याचा व तिवरांभोवती ५० मीटर पट्ट्यात बांधकाम न होऊ देण्याचा हुकूम दिला. आता ‘दहिसर नदीचा पूर रोखण्यास सरकार काय करीत आहे?’ असा एकच प्रश्न टाकला, तर तिन्ही खाती परस्परांकडे बोट दाखवितील. वनहद्दीतील बंधारे व भराव ह्यांचा एक, पात्रातील गाळ व अतिक्रमण ह्यांचा दुसरा, मुखाशी तिवरांत टाकलेल्या राडारोड्याचा तिसरा, असे तीन प्रश्न तीन मंत्र्यांस विचारले, तरच प्रत्येकास आपापल्या वाट्याचे उत्तर द्यावे लागते.

प्रश्नाची बांधणी कशी असावी ह्याचा नमुना देतो. ‘वन खाते दहिसर परिसरातील शेतकऱ्यांवर अन्याय करीत आहे, हे खरे आहे काय?’ असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर ‘हे खरे नाही’ असेच येणार. ‘अन्याय’ हा शब्द कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्याऐवजी असे विचारावे: (१) मौजे अमुक येथील सर्व्हे नंबर अमुक ह्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अमुक फेरफाराने वन खात्याचा शेरा दाखल झाला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, तो ज्या नोटिशीच्या आधारे दाखल झाला तिची तारीख व ती खातेदारावर बजावल्याची तारीख कोणती, (३) खातेदाराची हरकत कोणत्या तारखेस ऐकून काय निर्णय देण्यात आला, (४) निर्णय झाला नसल्यास, शेरा कमी करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? येथे पहिल्या भागास ‘होय’ ह्याखेरीज उत्तर नाही, कारण फेरफाराची प्रत प्रश्नकर्त्याच्या हातात आहे. आणि एकदा ‘होय’ आले की पुढचा एकही भाग ‘उद्भवत नाही’ म्हणून टाळता येत नाही. प्रश्नात युक्तिवाद, टोमणा, कोणाच्या खाजगी वर्तनावरचा आरोप अथवा न्यायप्रविष्ट बाब नसावी. नाहीतर प्रश्न सभागृहापर्यंत पोचतच नाही.

उत्तर मिळाले म्हणजे काम संपले असेही नाही. ‘चौकशी करून कार्यवाही करण्यात येईल’ असे मंत्री सभागृहात म्हणाले की ते आश्वासन ठरते, व त्याचा पाठपुरावा करण्याकरिता विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ते शब्द कोणत्या तारखेस उच्चारले गेले एवढे टिपून ठेवले, तर वर्षाने आमदारास त्याची आठवण देता येते. ज्याची दाद इतर मार्गांनी लागत नाही त्यास सभासदामार्फत विनंती अर्ज समितीकडेही जाता येते. आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याचा मार्ग तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. म्हणजे आमदारास जे विचारता येते त्यातील माहितीचा भाग साध्या खातेदारासही विचारता येतो. आमचा सल्ला असा की, आधी स्वतः माहिती मागवावी, कागद हाती आल्यावर त्याच कागदांवरून प्रश्न बांधावा, व मगच आमदाराकडे जावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. प्रश्न ही दुधारी वस्तू आहे. ज्या खातेदाराने आपला बांध वनहद्दीत चार हात सरकविला आहे, त्याने जंगलाच्या मोजणीचा प्रश्न विचारविला तर मोजणी त्याच्याही दारी येणार. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे असून, त्यातील अतिक्रमणांविषयी १९९५ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली व १९९७ साली ती हटविण्याचा हुकूम झाला. त्या वेळी शहरातून आलेली झोपडी कोणती व पिढ्यान्‌पिढ्यांचा आदिवासी पाडा कोणता, हा भेद जपणे कठीण झाले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींस २००६ च्या वनहक्क कायद्याने अधिकार दिले आहेत. आम्ही खातेदार आपल्या सातबाऱ्याविषयी जसे हळवे असतो, तसेच ज्याच्याजवळ सातबाराच नाही त्याच्या पाड्याविषयी न्यायाने वागले पाहिजे. त्याचे दावे किती आले, किती मंजूर झाले व किती कोणत्या कारणाने फेटाळले, हा प्रश्नही आपल्याच आमदाराने विचारावा. जंगल राहिले तर नदी राहील व नदी राहिली तर खाचर राहील, हे त्यास आपल्याइतकेच ठाऊक आहे.

विधिमंडळातील प्रश्नाने जमिनीची मालकी ठरत नाही, ती न्यायालयात ठरते. प्रश्नाने पैसा मिळत नाही, तो अंदाजपत्रकात मंजूर व्हावा लागतो. प्रश्नाने एकच गोष्ट होते: बंद दप्तर उघडते, व त्यात जे आहे ते सरकारच्या सहीने जगापुढे येते. जंगलकाठच्या शेतकऱ्याचे बहुतेक नुकसान बंद दप्तरातच झालेले आहे, म्हणून ह्या एका गोष्टीची किंमत आम्ही मोठी मानतो.

ह्याकरिता आपल्या सभेस आमची एक सूचना आहे. प्रत्येक अधिवेशनापूर्वी दोन महिने सभेने चारपाच जाणत्या सभासदांची एक लहान मंडळी नेमावी. तीत एखादा जुना तलाठी वा कारकून अवश्य असावा. गावोगावच्या तक्रारी सातबारा, फेरफार व नोटिशीच्या प्रतींसह मागवाव्या. सर्व्हे नंबर दोनदा ताडून पाहावे. जी तक्रार कागदाने सिद्ध होते तेवढीच निवडावी. व तिचा प्रश्न बांधून, कोणत्याही पक्षाचा असो, त्या मतदारसंघाच्या आमदाराकडे वेळेत पोचवावा. उत्तरे आल्यावर ती ह्या मासिकात छापावी, म्हणजे एका गावास मिळालेले उत्तर दहा गावांच्या उपयोगी पडेल. ह्या कामास पाच वह्या व काही बस्तानभर जुने कागद एवढेच भांडवल लागते, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी माळ्यावर पडलेले आहे.